सतरा तास

बस स्टँडवर सव्वीस वर्षं घोषणा करणाऱ्या बाईला लोक आणखी काय म्हणणार? घोषणाबाई. खरं नाव पगारपत्रकात होतं, पण डेपो मॅनेजरपासून झाडूवालीपर्यंत कुणी ते कधी वापरलं नाही. काचेच्या एका खोक्यात ती बसायची. खाली इंजिनं घुरघुरत, कंडक्टर शिट्ट्या मारत, चुकामूक झालेली पोरं भोकाड पसरत, आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून तिचा आवाज सरळ शेवटच्या फलाटावर चहा पिणाऱ्या माणसाच्या कानात जायचा. घरीही तिला हळू बोलणं जमायचं नाही. नवरा म्हणायचा, "अगं, मीठच हवंय ना? गाडी सुटल्यासारखं काय सांगतेस?"

नवरा मिस्त्री होता. दगडी फरशा कापणं, बसवणं, घासणं. तीस वर्षं त्याने लोकांच्या घरांतल्या जमिनी आरशासारख्या केल्या. तोंडाला फडकं बांधायचा, आणि उकडायला लागलं की काढून खिशात कोंबायचा. पन्नाशी उलटल्यावर जिना चढताना दम लागायला लागला, मग सपाट रस्त्यावर, मग बसल्या जागी. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "मिस्त्री, अर्धी खाण आत भरून ठेवलीत की हो." त्यानंतर पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आलं. लहान मुलाच्या उंचीचं, चाकांवरचं, दिवसरात्र घूं घूं करणारं, आणि दर थोड्या वेळाने फस्स करून उसासा टाकणारं. नाकात नळी चोवीस तास. अंघोळीपुरती काढली तर काढा, एरवी नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्याच वर्षी स्टँडवर संगणकाच्या घोषणा सुरू झाल्या. आपलाच आवाज भरून घेतील अशी घोषणाबाईची समजूत होती. भरला तो कुठल्यातरी परक्या बाईचा. तीन गावांची नावं ती चुकीची उच्चारायची आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

घरात बसून राहणं तिच्या रक्तात नव्हतं. ऐकायची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाला घरून वाचणारी माणसं हवी आहेत असं कळलं, तेव्हा तिने फोनवरच चार पानं वाचून पाठवली. दोन दिवसांनी तिथल्या तपासनीसाचा फोन आला. प्रत्येक वाचकाची फाइल कानाला लावून ऐकायची आणि दोष काढायचे, हे त्याचं काम. माणूस सभ्य होता, पण सांगायचं ते तोंडावर सांगायचा.

"बाई, आवाज सोन्यासारखा आहे. पण तुम्ही ओरडताय. ऐकणारा फलाटावर नाही, तुमच्या शेजारी बसलाय असं समजा."

पलंगावरून मिस्त्री हसला, आणि हसताहसता खोकला. "तीस वर्षं मी हेच सांगत होतो. त्याचं बरं ऐकतेस!"

माइक आला, कानावर घट्ट बसणारे हेडफोन आले, आणि चोवीस प्रकरणांची एक जाडजूड कादंबरी आली. डोंगरातल्या शाळेवर बदली झालेल्या एका शिक्षिकेची गोष्ट. बेडरूमला लागून अडगळीची एक चिंचोळी खोली होती. तिथल्या ट्रंका आणि मोडका पंखा काढून घोषणाबाईने टेबल-खुर्ची मांडली. पहिलं प्रकरण वाचलं, पाठवलं. दुसऱ्या दिवशी परत आलं.

"बाई, मागे काहीतरी घूं घूं येतंय. सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करायला सांगितलं होतं ना? ती ऐका. शांतता नाहीच ती."

तिने ऐकली. सव्वीस वर्षं गोंगाटात बसलेल्या बाईला आपल्या घरात एवढा आवाज आहे हे ठाऊक नव्हतं. फ्रिज होता, टाकीत पडणारं पाणी होतं, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकत होती. आणि त्या सगळ्यांच्या खाली, जमिनीतून आल्यासारखा, मशीनचा तो एकसुरी घोर.

मग ती इरेला पेटली. दारावर जाड रजई टांगली. टेबलावर सतरंजी अंथरली, म्हणजे आवाज लाकडावरून उसळणार नाही. भिंतीला लागून कपड्यांचं घोडं उभं केलं आणि त्यावर घरातले सगळे कोट, शाली, स्वेटर लादले. वाचायला बसताना फ्रिज बंद करायचा, आणि परत चालू करायला विसरू नये म्हणून पाकीट त्यातच ठेवायचं. वरच्या मजल्यावरच्या बाईला जाऊन विनवलं, दुपारी दोन ते चार तेवढं मिक्सर नको. माइकची पाठ मशीनकडे आणि तोंड आपल्याकडे केलं. फोनवर आवाज साफ करणारी एक युक्तीही करून बघितली. मशीन गेलं खरं, पण तिचा आवाज डबड्यात तोंड घालून बोलल्यासारखा झाला. तपासनीस म्हणाला, "हे नको. यापेक्षा मशीन बरं."

पाणी टाकीत पडायचं थांबलं, खुर्ची थांबली, फ्रिज थांबला. घोर मात्र राहिलाच. पहिली चार प्रकरणं त्या घोरासकटच वाचून झाली.

शेवटी तिने मशीन स्वयंपाकघरात नेलं आणि लांब नळी जोडली. पहिल्याच संध्याकाळी मोरीकडे जाताना मिस्त्रीचा पाय नळीत अडकला. तो भिंतीवर आदळला, कोपर सोललं, नळी नाकातून ओढली गेली. तिने त्याला धरून बसवलं तेव्हा त्याचे ओठ शाईसारखे दिसत होते. मशीन त्याच रात्री पलंगाशेजारी परत आलं.

कोपराला मलम लावताना ती म्हणाली, "मी पुस्तक परत करते. सांगते त्यांना, जमत नाही."

"का?"

"का म्हणजे? पाडलं ना तुम्हाला."

"मी पडलो. तू पाडलं नाहीस." त्याने दम घेतला. "ती शिक्षिका शाळेच्या दारात उभी आहे आणि कुलूप उघडत नाहीये. तिथे सोडून देतेस तिला? उद्या एकदा अजून बघ."

"काय बघू? सगळं करून झालं."

"ती जुनी गादी आहे ना माळ्यावर. लाव भिंतीला. मधल्या भिंतीला."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने गादी उभी करून दोरीने बांधली, हेडफोन चढवले आणि पाचवं प्रकरण वाचलं. संध्याकाळी तपासनीसाचा फोन. "बाई, काय केलंत? स्टुडिओत बसल्यासारखं आलंय!"

"गादी," घोषणाबाई म्हणाली. तिचा आनंद गगनात मावेना. पलंगाकडे वळून तिने हात उडवले. "अहो, तुमच्या गादीने काम फत्ते केलं!"

मिस्त्री डोळे मिटून पडला होता. "सांगितलं नव्हतं?" तो म्हणाला. बोलताना धापत होता. पण तो तर रोजच धापायचा.

त्यानंतर काम सुरळीत सुरू झालं. रोज दुपारी एक बैठक, तासाभराची. प्रत्येक बैठक ती वहीत लिहायची: तारीख, प्रकरण, कुठून कुठवर. त्या दिवसापुरतं वाचून झालं की, प्रकरण अर्धं राहिलं असलं तरी, मोठ्याने म्हणायची, "प्रकरण समाप्त." जुनी सवय. मग पुस्तक मिटायचं, हेडफोन काढायचे, रजई बाजूला करून दार उघडायचं. बाहेर मशीन चालूच असायचं. मिस्त्री उशीला टेकून बसलेला असायचा, कपाळावर घाम.

"काय झालं?"

"मोरीत जाऊन आलो."

एकदा दार उघडता उघडता तिला एक बारीक पीं ऐकू आली. मशीन सुरू करताना वाजतं तशी. ती म्हणाली, "हे का वाजलं?" तो म्हणाला, "गाळणी भरली असेल. मिस्त्री मी आहे की तू?" ती हसली आणि चहा टाकायला गेली. पुढे कितीतरी दिवस ती त्या चहाच्या आठवणीशी अडायची. तेव्हा थांबले असते तर, असं नाही. थांबले का नाही, असं.

चौदावं प्रकरण झालं आणि मशीनची देखभाल करणारा माणूस आला. दर चाळीसेक दिवसांनी यायचा, गाळण्या धुवायचा, हवेचा दाब बघायचा. कामाला वाघ, बोलायला कंजूष. त्याने मशीनच्या मागे टॉर्च मारला. तिथे एक छोटी आकड्यांची खिडकी होती. मशीन जितके तास चालेल तितके तास त्यात चढत जायचे. त्याने आकडा लिहून घेतला, मागच्या वेळचा कागद काढला, आणि पेन कानामागे खोचलं.

"मशीन बंद ठेवता का मधेमधे?"

"छे," घोषणाबाई म्हणाली. "चोवीस तास चालू."

"सतरा तास कमी आहेत."

"लाइट गेली असेल."

"लाइट गेली तर हे बोंबलतं. मग सिलिंडर लावावा लागतो." त्याने कोपऱ्यातल्या लहान सिलिंडरकडे बोट दाखवलं. अडीअडचणीसाठी तो ठेवलेला होता. "त्याचा काटा भरलेलाच आहे. हात लागलेला नाही. बटणाने बंद केलं तर मात्र वाजत नाही."

घोषणाबाईने मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्रीने खिडकीबाहेर बघितलं.

ती उठून अडगळीच्या खोलीत गेली आणि वही उघडली. पाचव्या प्रकरणापासून चौदाव्यापर्यंतच्या बैठका बोटाने मोजल्या. सतरा. तिने हेडफोन घातले आणि पाचव्याच्या आधीची, चौथ्या प्रकरणाची ती दहा सेकंदांची शांतता लावली. घोर होता. पाचव्याची लावली. स्वच्छ. सहाव्याची लावली. त्या दिवशी तिने बहुधा घाईत बटण लवकर दाबलं होतं. आधी घोर होता, मग लांबून आल्यासारखं एक टक, मग मशीनचा खाली खाली जाणारा उसासा, आणि मग काही नाही. मग तिचाच आवाज, ठणठणीत: "प्रकरण सहावं."

बाहेर आली तेव्हा देखभालवाला पेटी बंद करत होता. तिने त्याला एवढंच विचारलं, "मशीनचा आवाज तासभर नको असेल, तर काय करायचं?"

"तासापुरता सिलिंडर लावायचा," तो म्हणाला. "आवाज जवळजवळ नसतोच. रिकामा झाला की फोन करा, भरून आणतो." तो जरा घुटमळला. "विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं."

तो गेला. दार लागलं.

"किती दिवस?" ती म्हणाली.

मिस्त्री पांघरूण सारखं करायला लागला.

"अहो, मी विचारतेय. किती दिवस?"

"गादी लावलीस त्या दिवसापासून."

"म्हणजे गादीने काही झालंच नाही."

"थोडंफार झालं असेल."

"थोडंफार!" तिचा आवाज स्टँडवरचा झाला. वरच्या मजल्यापर्यंत गेला असणार. "जीव जाईल, कळतं का? तासतासभर! आणि मी पलीकडे बसून डोंगर न् शाळा वाचतेय! समाप्त म्हटलं की चालू करत होता ना? मला येडी बनवत होता!"

"ओरडू नकोस. फलाटावर नाहीयेस."

"विनोद करू नका!"

तो बराच वेळ श्वास गोळा करत राहिला. मग म्हणाला, "तू पुस्तक परत करणार होतीस. मग काय करणार होतीस दिवसभर? माझ्याकडे बघत बसणार? मला नको होतं तसं कुणी बघत बसलेलं." थोडं थांबून, "आणि नुसतं तुझ्यासाठी नाही. ते बंद केलं की तू ऐकू यायचीस. भिंतीतून. हळू बोलायला लागलीस तेव्हापासून तुझा आवाज मशीनखाली दबून जातो, कळलं का तुला? नाहीतर मी काय ऐकतो? सकाळपासून सकाळपर्यंत घूं घूं."

"मग मला म्हणायचं होतं, माझ्यापुढे वाच. मी इथे बसून वाचलं असतं."

"तसं वाचलं असतंस तर मला वाचून दाखवल्यासारखं झालं असतं," तो म्हणाला. "आजाऱ्याला."

कुणाला वाटेल, या बोलण्यावर तिचं मन विरघळलं असेल. तसं काही झालं नाही. तिच्या अंगाची लाही लाही झाली होती. तिने चिकटपट्टी आणून मशीनच्या बटणावर तीन वेळा गुंडाळली आणि दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी मात्र तिने सिलिंडर ओढत पलंगापाशी आणला, देखभालवाल्याने पूर्वी दाखवलं होतं तशी चावी फिरवली, नळी त्याच्या नाकात नीट बसवली, कानामागून घेतली, आणि मगच मशीन बंद केलं. "हलायचं नाही," तिने दम दिला. "ऐकायचं तेवढं ऐका." भिंतीची गादी तिने सोडून खाली पाडली होती. तपासनीसाच्या काही लक्षातही आलं नाही.

अशी पाच प्रकरणं झाली. पंधरा ते एकोणीस. संध्याकाळी तो त्यांवर बोलायचा. ती शिक्षिका मूर्ख आहे, त्या सरपंचाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायला नको होता. शाळेची भिंत अशी पडणारच, पाया न बघता बांधलेली. "या लेखकाने कधी थापी हातात धरलेली नाही," तो म्हणाला, आणि ती त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

विसाव्या प्रकरणाच्या दिवशी सकाळी त्याला ताप भरला. दुपारपर्यंत तो बडबडायला लागला, कुणाला तरी पाणी मार, पाणी मार, धूळ उडतेय असं सांगत होता. दवाखान्यात आठ दिवस काढले. लेक दुसऱ्या देशात नोकरीला होती, ती विमान पकडून आली, पण बापाने तिला ओळखलं की नाही ते कळलं नाही. नवव्या दिवशी सकाळी, नर्स पांघरूण बदलत असताना, तो गेला. घोषणाबाई तेव्हा खाली औषधाच्या रांगेत उभी होती.

महिनाभराने ती एकटीच डॉक्टरांकडे गेली. लेक परत गेली होती. तिने सगळं सांगितलं. सतरा वेळा, तासतासभर.

"त्याने झालं का?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "छाती मुळातच संपत आली होती. हिवाळा निघाला नसता कदाचित."

"ते मला माहीत आहे. मी विचारलं, त्याने झालं का?"

"चांगलं नक्कीच झालं नाही. हृदयावर ताण येतो. पण त्यानेच झालं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, "नाही झालं, असंही नाही सांगू शकत, बाई."

याहून सरळ उत्तर तिला कुणाकडून मिळणार नव्हतं. तिने मान हलवली आणि निघून आली.

पुस्तकाची पाच प्रकरणं राहिली होती. अडगळीच्या खोलीत ती दोनदा बसली, आणि दोन्ही वेळा दहा सेकंदांची शांतता संपायच्या आत उठली. तिथे आता खरंच काही आवाज नव्हता. तिने तपासनीसाला फोन केला. गादीने काही झालंच नव्हतं, मिस्त्रीच मशीन बंद करत होता, आणि हे तेव्हा आपल्यालाही ठाऊक नव्हतं असं सांगितलं, आणि मिस्त्री गेल्याचं सांगितलं.

"मी तुम्हाला शाबासकी देत होतो," तो म्हणाला. "दर वेळी."

उरलेली प्रकरणं, आणि घोर आलेली पहिली चार, तिने प्रकाशनाच्या खोलीत जाऊन वाचली. काचेपलीकडे तपासनीस बसायचा. एकविसाव्या प्रकरणात त्या शिक्षिकेला गावातलं कुणी विचारतं, तुला इथे कुणी बोलावलं होतं, तिथे घोषणाबाईचा आवाज फुटला. ती पाणी प्यायली आणि तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. आणि पुन्हा. चौथ्यांदा नीट आलं.

लेकीला मात्र तिने काही सांगितलं नव्हतं. सांगायचं नाही असंच ठरवलं होतं. बापाचं असं मरण सांगून काय मिळणार? पण लपवलेलं तिच्या पोटात कधी टिकलं नाही. एका रविवारी फोनवर लेक म्हणाली, "आई, शेवटी बाबांना फार त्रास नाही ना झाला? आधी बरे होते ना?" आणि घोषणाबाईने सगळं सांगून टाकलं. मशीन, गादी, आकड्यांची खिडकी, वही. ती पीं सुद्धा.

लेक ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तू तर दिवसभर तेच करत होतीस ना? कुठला आवाज येतोय, कुठला जातोय, तेच. मग मशीन बंद झालेलं तुला ऐकू नाही आलं?"

घोषणाबाईकडे उत्तरं होती. कानावर हेडफोन होते. दार बंद होतं. त्याने फसवलं होतं. ती सगळी खरी होती.

"मला ऐकायचं नसेल," ती म्हणाली. "काम चांगलं चाललं होतं."

लेकीने फोन ठेवला. पुढचे दोन महिने तिचा फोन आला नाही. घोषणाबाईने दर रविवारी केला, आणि दर रविवारी तो वाजून वाजून थांबला. नवव्या रविवारी लेकीने उचलला. म्हणाली, "जेवलीस का?" दोघी रडल्या, पण त्या विषयावर बोलल्या नाहीत.

आता आठवड्यातून तीन दिवस घोषणाबाई प्रकाशनात जाते. जावईबापूंचे गुडघे, नातीचा अभ्यास, तिकडची थंडी, असं रविवारी फोनवर चालतं. मागच्या महिन्यात लेक म्हणाली, "ते पुस्तक आलंय म्हणे. ऐकू का मी?"

"ऐक," घोषणाबाई म्हणाली. "पण कुणी जवळ नसताना ऐक."

लेकीने ऐकलं की नाही, ते तिने अजून विचारलेलं नाही.